खिळ्यावरचा टेप

आमच्या शिवणाच्या बाईंकडे कात्री मागितली की त्या पेन्सिल द्यायच्या. कापड नेलं की खाकी कागद पुढे करायच्या. आणि 'बाई, मला पोलकं कधी शिवता येईल?' असं विचारलं की चष्म्याच्या वरून अशा काही बघायच्या, जसा काही मी शेजारणीचा नवरा मागितला होता.

"पह्यले तू कोन आहेस ते कागदावर काढ," त्या म्हणायच्या. "मंग तुह्यं पोलकं पाहू."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमला तेव्हा मॅट्रिक झालेल्या मुलीला लग्न जमेपर्यंत बसवून ठेवायच्या दोनच जागा होत्या, कॉलेज आणि शिवणक्लास. कॉलेजात मुलं होती, म्हणून मला शिवणक्लासात घातलं. क्लास म्हणजे महिला मंडळानं दिलेली एक लांबुळकी खोली, तीत मंडळाच्याच मालकीच्या शिलाई मशीन, आणि मागच्या अंगाला कापसाचं गोदाम. खिडकी उघडी राहिली की कापसाचे तंतू उडत आत यायचे आणि आम्ही सगळ्याजणी संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या दिसायचो.

बाई उंच होत्या, रुंद होत्या, आणि त्यांचा आवाज रस्ता ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन दळून परत यायचा. अंबाड्यात काट्याच्या जागी पेन्सिल खोचलेली, गळ्यात इंची टेप. गावातल्या बायकांना बाईंच्या गळ्यात त्या टेपाखाली मंगळसूत्र आहे की नाही याची फार काळजी असे. एकीनं धीर करून 'तुमचे मिस्टर कुठे असतात?' म्हणून विचारलं. बाई कागदावरून मान न काढता म्हणाल्या, "त्याहीचं माप बसलं नाई."

त्यानंतर कोणी विचारलं नाही.

बाईंचं सगळं शास्त्र एका कागदावर उभं होतं. त्याला त्या 'मूळ कागद' म्हणायच्या. प्रत्येक मुलीनं आपल्या अंगाची मापं घ्यायची. छाती, कंबर, खांदा, पाठीची रुंदी, मानेपासून कंबरेपर्यंतची उंची आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो वळसा. मग खाकी कागदावर चौकट आखायची, घेराचे चार भाग करायचे, गळ्याचा खोलगा काढायचा, खांद्याला उतार द्यायचा, आणि शेवटी जो समोरचा भाग, पाठीचा भाग आणि बाही तयार होईल, ते कागद एकमेकांना टाचून अंगावर चढवून बघायचे. चढलं, तर त्या एका कागदावरून जन्मभर पोलकी, झंपर, फ्रॉक, काय हवं ते कापा. नाही चढलं, तर पुन्हा चौकट. माझी पहिली चौकट गणपतीत सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत माझा उजवा खांदा काही जागेवर येईना. घरी मी संध्याकाळी पट्टी घेऊन कागदावर वाकलेली असे. काका येता-जाता म्हणायचे, "पोरगी तलाठ्याच्या कामाले लागली वाटते. आपलं वावर बी मोजून घेऊ एकडाव."

बाईंचा खरा वैरी म्हणजे मापाचं पोलकं. आमच्याकडे शिंप्याकडे कोणी बाई माप द्यायला उभी राहत नसे. घरातलं एखादं बरं बसणारं पोलकं पिशवीत घालून पाठवायचं, 'याच्यासारखं शिवा' म्हणायचं, की झालं. शिंपी त्याच्यावरून नवं कापी. ते जुनं झालं की ते मापाला जाई. अशी पोलक्यांची वंशावळ चाले.

मीही पहिल्या दिवशी आईचं मापाचं पोलकं घेऊन गेले होते. बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, दोन्ही बाह्यांत हात घालून पाहिले आणि विचारलं, "डावी बाही बरोबर हाये. उजवी ढिली काहून?"

"आमच्याकडे सगळ्यांचीच उजवी बाही ढिली असते," मी म्हटलं. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आमच्या घरच्या बायकांची नाकंही सारखीच होती.

"घरी जाऊन इचार."

घरी आईला माहीत नव्हतं. काकूला माहीत नव्हतं. शेवटी आत्यानं बराच वेळ सुपारी चघळून सांगितलं, की आमची पणजी उजव्या दंडात चांदीची जाड वाकी घालायची. तिच्यासाठी शिंप्यानं तेवढी जागा सोडली होती. वाकी पुढे केव्हातरी मोडली आणि तिच्यातून काकांच्या लग्नात समई आली. जागा मात्र तीन पिढ्या पोलक्यात राहिली.

हे ऐकून बाईंना जो आनंद झाला तो मी नंतर कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला ती हकीकत सांगायला लावली. नवी मुलगी आली की मला स्टुलावर चढावं लागे, आणि बाईंनी माझं नावच 'वाकी' पाडलं. "ऐका पोरीहो! हे लोकं पोलकं नाई घालून राह्यले, पणजीची वाकी घालून राह्यले!"

मी आईला म्हटलं, तुझी बाही नीट करून देऊ का? आईनं दंड चाचपला. म्हणाली, "राहू दे बाप्पा. चारचौघींत येगळं दिसते."

आपलं माप आपणच घ्यायचं, हा बाईंचा नियम. पण पाठीपुढे त्यांचाही नाइलाज होता. पाठ आपली असली तरी टेप तिथे पोचत नाही. म्हणून त्या जोड्या लावून द्यायच्या, आणि त्या जोड्या लावण्यात त्यांचा खोडसाळपणा पुरेपूर असे. मला त्यांनी कौसल्येबरोबर बसवलं.

कौसल्या जऊळक्याहून रेल्वेनं यायची. तिचे वडील रेल्वेत गँगमन. ती नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सालातच जन्मलेली, त्यामुळे ते म्हणायचे, आम्ही बाप-लेक एकाच वर्षी जन्मलो. कौसल्येला शिकून स्वतःचा क्लास काढायचा होता. घरी मशीन नव्हती, त्यामुळे गाडी लेट झाली की ती स्टेशनापासून पळत येई, मशीन दुसरीनं धरू नये म्हणून. आम्ही बाकीच्या वेळ काढायला आलेल्या, ती एकटी शिकायला आलेली.

आईनं एकदा वरण ढवळता ढवळता विचारलं, "तुह्या पाठीचं माप कोन घेते?"

"कौसल्या."

"जऊळक्याची?" पळी वरणात बराच वेळ फिरली. "दुसरी कोनी नाई काय?"

हे मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "आईले म्हनाव, पाठीले जात समजत नाई. गुदगुल्या समजतात."

आता त्या टेपाबद्दल. वर्गात खिडकीजवळ एका खिळ्यावर एक कापडी टेप लटकत असे. त्याला कोणी हात लावायचा नाही. मंडळाच्या मशीन बैलबंडीतून आल्या तेव्हा कोणीतरी शहाण्यानं दोरी पुरली नाही म्हणून त्या टेपानं मशीनचं झाकण आवळून बांधलं होतं. वाटभर धक्के खाऊन टेप ताणला गेला. पुढे त्यानं मापं घेतली तर सगळ्या मुली एकाएकी बारीक झालेल्या. इंचांचे आकडे एकमेकांपासून लांब गेले होते ना! बाईंनी त्याला शिक्षा दिली आणि खिळ्यावर टांगला. फेकला मात्र नाही. "खोटं कसं दिसते हे डोयापुढे राहू द्या," म्हणायच्या. खरं सांगायचं तर तो दिसायला खऱ्यापेक्षा छान होता. पिवळाधमक, टोकांना पितळी पत्र्या.

बाईंची स्वतःची जोडी कोणाशी? कोणाशीच नाही. बाईंचा मूळ कागद गुंडाळी करून फळीवर ठेवलेला होता आणि त्यावरूनच त्या आपली पोलकी कापायच्या. तो कागद कधी काढलेला, देव जाणे. अलीकडे बाई हात वर करून फळ्यावर आखायला लागल्या, की पाठीवर कापड असं ताणलं जाई की आम्ही पुढच्या रांगेतल्या मुली डोकी खाली करायचो, हूक उडाला तर डोळ्यात जायचा. "आताचं कापडच आटून राह्यलं," बाई पुटपुटायच्या. आम्ही माना हलवायचो. त्या काळात कापडाची प्रत खालावलीच होती म्हणा.

आणि मग अध्यक्षीणबाई आल्या.

महिला मंडळाच्या या अध्यक्षा. खोली त्यांच्या शब्दावर, मशीन त्यांच्या शब्दावर. त्या नागपूरला शिकलेल्या असल्यामुळे पुस्तकातली भाषा बोलत आणि आम्हाला 'मुलींनो' म्हणत. मंडळाचा मेळावा भरणार होता, अकोल्याहून एका मोठ्या साहेबांच्या पत्नी येणार होत्या. अध्यक्षीणबाईंनी ठरवलं की आपल्या क्लासात शिवलेलं पोलकं आपण व्यासपीठावर घालायचं. तेही, ऐका बरं का, स्वतः मापं घेऊन, स्वतः कागद काढून. सोबत फोटोग्राफर आणला होता. सतरंजीवर बसून हातात पेन्सिल धरलेला त्यांचा फोटो झाला. फोटोग्राफर गेला तशा त्या उठायला लागल्या.

"बसा," बाई म्हणाल्या. "कंबर राह्यली."

"कंबर चौतीस," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आमच्या टेलरकडे लिहिलेली आहे."

बाईंनी गळ्यातला टेप काढला आणि त्यांना काही कळायच्या आत कमरेभोवती फिरवला. गिरणीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "छत्तीस!"

वर्गात एकही मशीन चालत नव्हती.

"चौतीस," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"तो टेलर लिहिते चौतीस आन् कापते छत्तीस. म्हनून तुमाले श्वास घेता येते. मी जे लिहितो तेच कापतो." (वऱ्हाडात बाईमाणूसही 'लिहितो, कापतो'च म्हणतं. त्यात बाईंना तर ते शोभूनच दिसे.)

"तुमचा टेप चुकीचा असेल. दुसरा आणा."

"माहा टेप? चुकीचा?" बाईंचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांच्या आईला नाव ठेवलं होतं.

अध्यक्षीणबाईंनी पदर सारखा केला. त्यांचा आवाज फार गोड झाला. "हे बघा. मेळाव्याला मी चौतीसचंच पोलकं घालणार. आणि ते मला व्यवस्थित बसणार. नाहीतर मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी मांडते, की ही खोली पापड-लोणच्याच्या वर्गाला द्यावी आणि मशीन गोदामात ठेवाव्या. पापडाला माप लागत नाही."

त्या गेल्यावर बाईंचा चहा आला. त्यांनी तो घेतला नाही. हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

आता सांगा, करायचं काय? चौतीस लिहून चौतीस कापलं, तर भर व्यासपीठावर हार घालायला हात वर झाले की हूक सुटणार आणि मागोमाग आमची खोली. छत्तीस लिहिलं, तर खोली आजच गेली. राहिला टेलरचा मार्ग.

"बाई, लिहा चौतीस आन् कापा छत्तीस," एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "कोनाले समजते?"

"मले समजते," बाई म्हणाल्या. "लिहिलेलं आन् कापलेलं येक नसलं तं तुमाले मी कायले शिकवून राह्यलो? बाजारात दुकान टाकलं असतं!"

कौसल्या आपल्या मशीनवर हात ठेवून बसली होती. हात ठेवून म्हणजे, गाय विकायला निघताना तिच्या पाठीवर ठेवतात तसा. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "बाई, त्या म्हनून गेल्या ना, दुसरा टेप आना? दुसरा हाये ना आपल्यापाशी."

सगळ्यांनी खिळ्याकडे पाहिलं.

"तो खोटा हाये."

"असू द्या खोटा. त्याच्यानंच मोजू, आन् कागद बी त्याच्यानंच काढू. आकडा त्याहीच्या मनासारखा, घेर त्याहीच्या अंगासारखा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ये इकडे, वाकी."

खिळ्यावरच्या टेपानं त्यांनी माझी मापं घेतली. माझा जीव असा सुखावला म्हणून सांगू! त्याच टेपानं त्यांनी कागद आखला, कापला आणि माझ्या मूळ कागदावर ठेवला. कडेला कड लागली. मुंढ्यात केसभर फरक असेल. जन्मभर देव न मानणाऱ्या माणसाला नवस फळावा, तशा बाई त्या दोन कागदांकडे बघत राहिल्या.

"बाई, मग खोटं कुठं गेलं?" मी विचारलं.

"आकड्यात," बाई म्हणाल्या. "आन् आकडा कोनी अंगात घालत नाई." मग त्यांनी टेप कौसल्येच्या हातात दिला. "पन माह्या हातानं नाई होनार. तूच घे माप."

इथे दुसरी पंचाईत होती. अध्यक्षीणबाई हळदीकुंकवाला सगळ्या मुलींना बोलवायच्या, कौसल्येलाही. भाषणात समता असायची. फक्त तिच्या ओंजळीत हरभरे टाकताना त्यांचा हात जरा जास्त उंचावरून यायचा. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तर टेप घेऊन पुढे कौसल्या. त्या पाऊलभर मागे सरल्या.

"माह्या टेपावर तुमचा भरोसा नाई," बाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "हा दुसरा. हा हिच्याच हातानं बरोबर येते."

अध्यक्षीणबाईंनी हात अर्धेच वर केले. कौसल्येनं टेप फिरवला, पुढे आणून जुळवला, डोळे बारीक केले.

"चौतीस," ती म्हणाली. मग थांबून, "नाई वो. पावनेचौतीस."

"काय म्हणालीस?" अध्यक्षीणबाईंचे हात छतापर्यंत गेले. नागपूरची भाषा तिथल्या तिथे गळून पडली. "आनखी एकडाव मोज वं माय! चांगला जवळ येऊन मोज! असं दुरून काय मोजून राह्यली?"

कौसल्येनं आणखी एकडाव मोजलं. तिसऱ्यांदाही मोजावं लागलं. दर वेळी त्या तिच्या खांद्यावर हात ठेवून टेपात वाकून बघत होत्या.

मेळाव्यात त्यांनी साहेबांच्या पत्नींना हार घातला तेव्हा आम्ही मागच्या सतरंजीवर एकमेकींचे हात आवळून बसलो होतो. हात वर गेले, हार गळ्यात पडला, हात खाली आले. पोलक्याला सुरकुतीसुद्धा नाही. भाषणात अध्यक्षीणबाई म्हणाल्या, की आपल्या क्लासात आता शास्त्रीय पद्धतीनं मापं घेतली जातात. आकडा त्यांनी भाषणात सांगितला नाही. तो चहाच्या वेळी एकेकीच्या कानात सांगितला.

झालं! आठवडाभरात आमच्या दारात बायकांच्या चपला मावेनात. सगळ्यांना तोच टेप हवा, आणि तीच मुलगी. 'तिचा हात फार हलका आहे म्हणे.' बायका त्याच, भाकरी तेवढ्याच, पण त्या हंगामात आमच्या गावाच्या कंबरा जेवढ्या उतरल्या तेवढ्या एखाद्या साथीच्या आजारानंही उतरल्या नसत्या. ज्यांना क्लासात यायला लाज वाटे त्या कौसल्येला घरी बोलावू लागल्या. माप उघड्यावर घेता येत नाही, त्यामुळे ज्या घरांच्या ओसरीपुढे तिला कोणी येऊ दिलं नव्हतं, त्या घरांच्या आतल्या खोलीत ती जाऊ लागली, तेही दाराला आतून कडी लावून. चहा मिळे. कप मात्र तिच्यासाठी वेगळा, कोनाड्यातला.

"टेप येक झाला," कौसल्या हसून म्हणायची. "कप बी होईन कधी तरी."

आमची आईसुद्धा एक दिवस लाजत लाजत म्हणाली, "त्या तुह्या जऊळकेवालीले घरी घेऊन ये बरं." त्या दिवशी आईनं तिच्यापुढे आमच्याच कपबशीत चहा ठेवला, आणि पावणेबत्तीसच्या आनंदात ते तिच्या लक्षातही आलं नाही. उजवी बाही मात्र तिनं ढिलीच ठेवायला सांगितली.

क्लास वाचला, वाढला. मंडळानं आणखी मशीन दिल्या. आणि बाई चिडचिड्या झाल्या. खरा टेप त्यांच्या गळ्यात नुसता दागिन्यासारखा राहिला. येणारी प्रत्येकजण त्यांना ओलांडून खिळ्याकडे जाई. "सारं गाव खोटं मोजून खरं घालून राह्यलं," त्या म्हणायच्या. ही तक्रार आहे की कौतुक, हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. सासरहून निरोप आला, मुलीचं मापाचं पोलकं पाठवा. मी पोलकं पाठवलं नाही. माझा मूळ कागद गुंडाळी करून पाठवला. तिकडच्या मंडळींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या सासऱ्यांनी विचारलं म्हणे, की हे वावर कोणाच्या नावावर आहे.

लग्नाची पत्रिका द्यायला मी क्लासात गेले तेव्हा दुपारची सुट्टी होती. बाई एकट्याच होत्या. त्यांनी पत्रिका वाचली, टेबलावर ठेवली, खांदे जरा मागे घेतले. पाठीवर कुठेतरी टाका उसवल्याचा आवाज आला. दोघींनीही तो ऐकला.

"तुह्या लग्नात काय हे पोलकं घालून येऊ?" बाई म्हणाल्या. मग उठल्या आणि दार लावून घेतलं. फळीवरची ती जुनी गुंडाळी खाली काढली, उलगडली नाही, नुसती कोपऱ्यात ठेवून दिली. नवा खाकी कागद पसरला. पेन्सिल अंबाड्यातून काढली आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"घे माप."

मी त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. पाठीची रुंदी घेतली. खांदा घेतला. उंची घेतली. मी आकडा सांगत होते, त्या मान न वळवता 'हं' म्हणत होत्या आणि कागदावर लिहीत होत्या, एकाही आकड्यावर वाद न घालता. मी टेप कंबरेपाशी आणला. दोन्ही टोकं जुळवणार, एवढ्यात त्यांचा हात माझ्या हातावर आला.

बाईंनी एकदा बंद दाराकडे पाहिलं. खिडकीतून कापूस उडत आत येत होता.

"हा नको," बाई म्हणाल्या. "खिळ्यावरचा घे."